स्वहस्ते काढलेली छबी : एक उपेक्षित इतिहाससाधन

मराठी वाङ्मयात आत्मचरित्राची परंपरा समृद्ध आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. दादोबा पांडुरंगांचे आत्मवृत्त, बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’, रमाबाई रानडे यांच्या आठवणी, धोंडो केशव कर्वे यांचे आत्मवृत्त, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने वर्गात उच्चारलेली असतात. इतिहासाचा अभ्यासक या ग्रंथांकडे केवळ थोरांच्या चरित्रासाठी वळत नाही. ‘स्मृतिचित्रां’तून त्या काळच्या घराविषयी, चुलीविषयी, सोवळ्याओवळ्याविषयी जे कळते, ते कोणत्याही सरकारी दप्तरातून कळावयाचे नाही. असे असूनही ज्यांनी लेखणीऐवजी कॅमेरा हाती घेऊन आपल्या रोजच्या आयुष्याचा वृत्तान्त मागे ठेवला, त्यांची दखल आपल्या इतिहासलेखनाने जवळजवळ घेतलेलीच नाही. स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढणारी माणसे पूर्वीपासून होती. त्यांनी काढलेल्या काचा आणि कागद आपल्याच हातून कसे नाहीसे होतात, याची एक लज्जास्पद हकीकत मला सांगावयाची आहे. पण ती लेखाच्या अखेरीस. आधी या प्रकाराचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे.

आपल्या भाषेने एक भेद फार नेमका टिपला आहे. स्टुडिओत जाऊन खुर्चीवर बसणारा मनुष्य फोटो ‘काढून घेतो’ आणि भिंगामागे उभा असलेला मनुष्य तो ‘काढतो’. काढून घेतलेल्या जुन्या फोटोंनी आपल्या घरांच्या भिंती भरलेल्या आहेत. पाठीमागे पडद्यावर रंगविलेला बगीचा, बाजूस लाकडी कठडा, उंच तिवईवर फुलदाणी आणि हातात एखादे पुस्तक. ते पुस्तक त्या गृहस्थांनी आयुष्यात कधी उघडले असेल अशी खात्री देता येत नाही. हे सामान स्टुडिओचे. त्याच कठड्याला टेकून सकाळी एखादे वकील उभे राहिलेले असत आणि दुपारी एखादे सावकार. अशा फोटोंवरून समाजात कसे दिसावे अशी त्या काळची कल्पना होती ते कळते. माणूस राहत कसा होता ते कळत नाही. काढणारा आणि काढून घेणारा हे दोघे जेथे एकच होतात, तेथे मात्र प्रकरण बदलते.

छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच हा प्रकार जन्मला. १८३९ सालच्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दागेर याची पद्धती जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीच्या महिन्यांत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने स्वतःची छबी घेतली. त्याच्या घराण्याचा धंदा दिवे आणि झुंबरे तयार करण्याचा. धातूच्या पत्र्याला चांदीचा मुलामा देणे हे त्याचे नित्याचे काम असल्यामुळे दागेरच्या पद्धतीला लागणारे पत्रे त्याला सहज करता आले. त्या चित्रात त्याचे केस विस्कटलेले आहेत, हात छातीशी बांधलेले आहेत आणि तो चौकटीच्या मध्यावर नसून एका बाजूस सरकलेला आहे. भिंगाचे टोपण काढून घाईघाईने समोर जाऊन उभे राहणाऱ्या माणसाचे चित्र याहून निराळे कसे येणार? चांगला फोटो कसा असावा याचे नियम तोपर्यंत झालेले नव्हते, हे आपले भाग्यच.

दुसरे उदाहरण अधिक मनोरंजक आणि थोडे करुणही आहे. इपोलित बायार हा फ्रान्सच्या अर्थखात्यातील एक कारकून. कागदावर थेट चित्र उमटविण्याची स्वतंत्र पद्धती त्याने शोधून काढली होती आणि १८३९ च्या जूनमध्येच तिचे नमुने लोकांपुढे मांडलेही होते. परंतु दागेरचा पुरस्कार करणाऱ्या आरागो या वजनदार शास्त्रज्ञाने त्याला थांबावयास लावले. दागेरला सरकारातून वर्षाला सहा हजार फ्रँकांचे आजन्म वेतन मिळाले. बायारच्या पदरात सहाशे फ्रँक तेवढे पडले. १८४० च्या ऑक्टोबरात त्याने स्वतःचेच एक चित्र घेतले. उघड्या अंगाने, डोळे मिटून, एका बाजूस कललेला मनुष्य. चित्राच्या पाठीवर त्याने लिहून ठेवले की हे बायार याचे प्रेत आहे, सरकारने दागेरला सर्व काही दिले आणि बायारसाठी काही करता येत नाही असे सांगितले, म्हणून त्या अभाग्याने जलसमाधी घेतली. चेहरा व हात काळवंडलेले दिसतात ते कुजू लागल्यामुळे, असाही मजकूर त्यात आहे. खरे कारण एवढेच की बागकामाची आवड असलेल्या या कारकुनाचे तोंड आणि हात उन्हाने रापलेले होते, आणि तांबूस रंग त्या कागदावर अधिकच काळा उमटे. प्रेताचे मिटलेले डोळे ही कल्पनाही सोयीची होती. त्याच्या पद्धतीत कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे आणि उघडे डोळे तेवढा वेळ स्थिर राहत नाहीत.

हे चित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याच्याहून महत्त्वाची आहेत ती पुढील काही वर्षांत बायारने आपल्या बागेत काढलेली स्वतःची चित्रे. भोवती कुंड्या, झारी, बागेची अवजारे आणि त्यांत हा बसलेला. तक्रार संपली आहे, नाटक संपले आहे. कचेरीतून घरी आल्यावर हा मनुष्य काय करीत असे तेवढेच उरले आहे. बुडालेल्या माणसाच्या चित्रात भिंतीवर टांगलेली गवती टोपी दिसते, तीही बागेचीच. सर्जनशील म्हणून ज्या चित्राचा गौरव होतो, त्याची सामग्री त्याने घरातूनच उचललेली होती.

हिंदुस्थानात ही विद्या लौकर आली. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मूळचे गोव्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही तिच्याशी संबंध होता, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. परंतु स्वतःकडे भिंग वळविण्याचा छंद पुरविण्यास पैसा आणि सवड दोन्ही लागत; त्यामुळे आपल्याकडील आरंभीची ठळक उदाहरणे राजवाड्यांतली आहेत. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी शिवभक्ताच्या वेषात आपली छबी घेतली. त्रिपुराचे महाराजा वीरचंद्र माणिक्य यांनी १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनी यांच्यासह आपले छायाचित्र काढले; त्यात राजा राणीला जवळ घेऊन बसला आहे आणि त्याच्या हातात कॅमेऱ्याची झडप उघडण्याची कळ स्पष्ट दिसते. ती कळ त्याने लपविली नाही, ही गोष्ट मला फार आवडते. पण ही झाली राजेरजवाड्यांची गोष्ट. मेज, दिवा, पुस्तकांचा ढीग, न विंचरलेले केस, आजारपण, म्हातारपण या गोष्टी चित्रात येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, आणि त्या आणणारा गृहस्थ सरदार घराण्यातला असूनही वृत्तीने विद्यार्थी होता.

उमरावसिंह शेरगिल यांचे नाव आपण ऐकतो ते चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील म्हणून. त्यांचा जन्म १८७० सालचा, अमृतसरजवळील मजिठा येथील प्रतिष्ठित घराण्यात. त्यांचे बंधू सुंदरसिंह मजिठिया पंजाबच्या राजकारणात चढत गेले. उमरावसिंहांची ओढ मात्र ग्रंथांकडे. संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, टॉलस्टॉयविषयी भक्ती, कवी इक्बाल यांच्याशी मैत्री, शिवाय ज्योतिर्विद्या, योगाभ्यास, सुलेखन आणि सुतारकाम असे त्यांचे उद्योग होते. पहिली पत्नी निवर्तल्यावर १९१२ साली त्यांनी लाहोर येथे मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिकेशी विवाह केला. त्याच वर्षी हे दांपत्य बुडापेस्टला गेले, तेथे १९१३ साली अमृता आणि पुढील वर्षी इंदिरा या मुली जन्मल्या, आणि महायुद्धामुळे त्यांना १९२१ पर्यंत तेथेच राहावे लागले. पुढे सिमला, १९२९ पासून पाच वर्षे पॅरिस आणि पुन्हा सिमला, असा त्यांचा मुक्काम बदलत गेला. या सर्व ठिकाणी एक वस्तू त्यांच्याबरोबर होती, ती म्हणजे कॅमेरा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उतारवयापर्यंत त्यांनी फोटो काढले. साध्या काचा, दोन डोळ्यांनी पाहावयाच्या जोडचित्रांच्या काचा, १९०७ नंतर बाजारात आलेल्या रंगीत काचा, असे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. धंदा म्हणून नव्हे. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे घर. पत्नी पियानोपाशी बसलेली, मुली निरनिराळे पोशाख चढवून आरशापुढे मिरविणाऱ्या, अमृता आपल्या चित्रफलकापाशी उभी. आणि या सर्वांच्या बरोबरीने, वर्षानुवर्षे, ते स्वतः. कधी मेजावर वाकून लिहिताना, कधी पुस्तकांच्या गराड्यात, कधी टंकयंत्रापुढे, कधी दुर्बिणीजवळ, कधी योगासनात. पागोटे उतरवून केस मोकळे सोडलेल्या स्थितीत फोटो काढणे त्या काळच्या शीख सरदाराला स्टुडिओत शक्य झाले नसते. घरात, दार लावून, स्वतःच भिंगाची जुळणी करून ते शक्य झाले.

यांपैकी १९३० साली पॅरिसमध्ये घेतलेल्या काही चित्रांचा विशेष उल्लेख करावयास हवा. पंधरा दिवसांचा उपवास पूर्ण झाल्यावर, कटिवस्त्राखेरीज अंगावर काही नसताना, साठीच्या या गृहस्थाने आपल्या देहाची छायाचित्रे घेतली आहेत. वाढलेली दाढी, मोकळे केस, मोजता येतील अशा बरगड्या. उपवास या शब्दाला त्या काळी हिंदुस्थानात राजकीय अर्थ प्राप्त झालेला होता. १९२४ साली महात्माजींनी दिल्लीत केलेला एकवीस दिवसांचा उपवास सर्वांच्या स्मरणात होता. इंग्रज सरकारचा उमरावसिंहांवर पूर्वीपासून संशय होता, हेही खरे. म्हणून या चित्रांत कोणी राष्ट्रीय संदेश वाचला तर त्याला मी चूक म्हणणार नाही, परंतु मला स्वतःला तसे वाटत नाही. योगाभ्यासी मनुष्य दैनंदिनीत जशी नोंद करील, ‘आज पंधरावा दिवस, शरीर असे झाले आहे’, तशी ही नोंद दिसते. फरक इतकाच की ती अक्षरांनी केलेली नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. फोटो काढण्यासाठी मेजावर वाकून बसलेला मनुष्य खरोखर लिहीत असतो काय? अर्थात नाही. दिवा कोणत्या बाजूस ठेवावा, खुर्ची किती सरकवावी, नजर पानावर असावी की खिडकीकडे, हे सर्व आधी ठरवावे लागते. मग कॅमेरा तिपाईवर बसवावयाचा, आपण बसणार त्या जागी एखादी वस्तू ठेवून भिंग जुळवावयाचे, आणि कळ, रबरी फुगा, दोरा किंवा घरातील दुसरा कोणी यांपैकी एकाच्या साहाय्याने झडप उघडावयाची. अशा चित्राला अकृत्रिम म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण आत्मचरित्रकारही घटना निवडतो, मांडतो, काही गाळतो. तरी त्याचा ग्रंथ आपण साधन म्हणून वापरतोच, फक्त सावधपणे वापरतो. शिवाय छायाचित्रात एक असे घडते जे लेखनात सहसा घडत नाही. लिहिणारा ज्या वस्तूकडे लक्ष देतो तिचेच वर्णन करतो. भिंग मात्र कोपऱ्यातील जोडे, भिंतीचा उडालेला पोपडा, मेजाखालची पिकदाणी हे सर्व न विचारता टिपून ठेवते. उमरावसिंहांनी आपली मुद्रा ठरविली असेल, पण मेजावरील प्रत्येक कागद त्यांनी मांडून ठेवला नसणार.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये ज्या वर्षांत वडील हे फोटो काढीत होते, त्याच वर्षांत, त्याच घरात, कन्या स्वतःची आत्मचित्रे तैलरंगांत रंगवीत होती. अमृतेची ती चित्रे अभ्यासली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु भिंगापुढे कसे बसावे, स्वतःकडे परक्यासारखे कसे पाहावे, याचा पहिला धडा या मुलीला घरातच मिळाला असला पाहिजे, ही शक्यता आपले चरित्रलेखक सहसा मनावर घेत नाहीत. अमृतेचे जे फोटो आपण पुस्तकांत पाहतो त्यांतील पुष्कळसे तिच्या वडिलांनी काढलेले आहेत, आणि त्यांखाली त्यांचे नाव अनेकदा नसते.

१९४१ च्या डिसेंबरात अमृता लाहोर येथे अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. १९४८ साली मारी आंत्वानेतने आत्महत्या केली. १९५४ साली उमरावसिंह गेले. फोटो घरातच राहिले. त्यांना बाहेरच्या जगात आणले ते इंदिरेचे पुत्र विवान सुंदरम यांनी, आणि येथे आमच्या बडोद्याचा संबंध येतो. विवान सुंदरम १९६५ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला शाखेतून चित्रकलेचे पदवीधर झाले. आजोबांचे फोटो आणि मावशीची चित्रे यांची संगणकाच्या साहाय्याने सरमिसळ करून त्यांनी २००१-०२ मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ ही चित्रमाला तयार केली. तीत निरनिराळ्या सालांची, निरनिराळ्या शहरांची माणसे एकाच खोलीत, एकाच आरशात भेटतात. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला प्रथम या चित्रांचा रागच आला. साल आणि स्थळ यांची अशी मोडतोड केल्यावर साधनाची विश्वसनीयता काय राहिली? पुढे ध्यानात आले की या चित्रमालेमुळेच मूळ फोटोंची चौकशी अधिक होऊ लागली आणि उमरावसिंहांकडे छायाचित्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले. नातवाने पेटी उघडली नसती, तर माझ्यासारख्याला राग येण्याचाही प्रसंग आला नसता. विवान सुंदरम २०२३ साली निवर्तले.

आता ती हकीकत. २०१३ साली मी आमच्या शाळेत नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. प्रयोगशाळेची डागडुजी निघाली तेव्हा एका कपाटातून खाचा असलेल्या दोन लाकडी पेट्या निघाल्या. प्रत्येकीत बारा काचा. शिपायाने विचारले, “सर, या काचांचं काय करायचं?” मी एक काच खिडकीपुढे धरली. काळ्या तोंडाचा आणि पांढऱ्या केसांचा कोणी मनुष्य तीत बसलेला दिसला. कोणातरी फोटोवाल्याची अडगळ असेल असे वाटले. काच चांगली, एकसारख्या मापाची होती आणि वर्गांतील सुविचारांच्या तक्त्यांना चौकटी करावयाच्या होत्या. सोडा घातलेल्या गरम पाण्यात काचा धुऊन घ्या, असे मी सांगितले. काम चोख झाले. खर्चही वाचला, आणि शालासमितीच्या बैठकीत मी त्याचा उल्लेखही केला.

चार वर्षांनी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आलेले एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ माझ्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तरांच्या काचा आहेत ना अजून?” त्यांच्या वेळचे विज्ञानशिक्षक शाळेमागच्या खोलीत एकटे राहत. दरवर्षी एकदा ते स्वतःचा एक फोटो काढीत, आणि तो नेहमी काही साधे काम करतानाचा असे. स्टोव्ह पेटविताना, सायकलचे पंक्चर काढताना, सदऱ्याला गुंडी लावताना. कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर, झडपेला दोरा, दोऱ्याचे दुसरे टोक पायाच्या अंगठ्याला. मुलांना बोलावून ते काच धुण्याची क्रिया दाखवीत आणि म्हणत, “देखावे कोणीही काढील, मी कसा जगतो ते मीच काढणार.” मी काय केले ते त्या गृहस्थांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितले.

पुढच्या खेपेस त्यांनी आपल्याजवळचा एकमेव छाप आणून दिला. त्याची प्रत मी करून घेतली आहे. मास्तर चटईवर उतरत्या मेजापुढे बसून वह्या तपासीत आहेत. डावीकडे कंदील, उजवीकडे पितळी तांब्या, त्यावर पालथे भांडे. खुंटीवर एक कोट आणि एक टोपी, दोन्ही एकेकच. दोरा चटईवरून गेलेला दिसतो. अंगठा हललेला असल्यामुळे पाय अस्पष्ट आला आहे. चित्रावर साल नाही. भिंतीवर मात्र दिनदर्शिका आहे, महिना जानेवारीचा, आणि पहिली तारीख शनिवारी पडलेली भिंगाखाली वाचता येते. नववीच्या मुलांना मी हे उदाहरण म्हणून घातले. १९३८, १९४४, १९४९ आणि १९५५ ही चार साले निघाली. त्या गृहस्थांचे शाळेतील वर्ष धरले तर १९४९ हेच जुळते.

वह्यांच्या गठ्ठ्यातील सर्वांत वरच्या वहीवर नाव आहे. त्याची शेवटची तीन अक्षरे लागतात. ती वही तुमची काय, असे मी त्यांना विचारले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाले, “नाही, ती हुशार मुलाची. माझी खाली असेल.”